ब्याऐंशी टक्क्यांची कॅसेट

निकाल लागायच्या दोन दिवस आधीच सिदराला बारावीत ब्याऐंशी टक्के पडले होते. बोर्डाने नव्हते दिले, अम्मीने दिले होते.

आता हे कसं झालं ते नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्या बाईला वेडी म्हणाल, आणि सुरैय्या वेडी अजिबात नव्हती. तिला फक्त घाई फार. तिचा नवरा ताहेर बहरीनला जहाजं दुरुस्त करायच्या यार्डात क्रेन चालवायचा. साल एकोणीसशे एकोणनव्वद. पत्राला वीस दिवस लागायचे, आणि फोन लावला तर ‘हॅलो, ऐकू येतंय का’ एवढ्यातच निम्मा वेळ जायचा. म्हणून पनवेलच्या मोहल्ल्यातली काय आणि आसपासच्या गावांतली काय, गल्फवाली घरं कॅसेटवर बोलायची. रेडिओ-टेपचा टू-इन-वन समोर ठेवायचा, लाल बटण दाबायचं आणि घरातल्या झाडून सगळ्यांनी बोलून घ्यायचं. मग कोणी सुट्टी संपवून परत निघालं की कॅसेट त्याच्या हाती द्यायची. तिकडून यायची तीही अशीच, कोणाच्या तरी लुंगीत गुंडाळून.

या खेपेला निघाला होता गव्हाण गावचा काशिराम. ताहेरच्याच यार्डात वेल्डर, आणि ताहेरच्याच खोलीत त्याच्या वरच्या पलंगावर झोपणारा. त्याचं विमान शुक्रवारी रात्री आणि बारावीचा निकाल शुक्रवारी सकाळी अकराला. म्हणजे निकाल ऐकून कॅसेट भरायला वेळ होता की, असं तुम्ही म्हणाल. नव्हता. काशिरामची बायको चंद्रावती नवऱ्याच्या सामानाचा खोका दोन दिवस आधी बांधायची आणि एकदा का सुतळीची गाठ बसली, की खोका सोडायचा नाही असा तिचा नियम होता. बांधलेला खोका सोडला तर माणूस वाटेतून परत येतो म्हणे. हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते विचारायची काशिरामची छाती नव्हती, तर इतरांचं काय घेऊन बसलात.

तेव्हा बुधवारी सकाळी सुरैय्याने सिदराला टू-इन-वनसमोर बसवलं.

“अम्मी, निकाल तर लागू दे आधी.”

“लागेल गं. प्रिलिमला अठ्ठ्याहत्तर होते ना? बोर्डात पेपर हलक्या हाताने तपासतात, सगळे सांगतात. त्यात चार घाल आणि बोल.”

“आणि कमी पडले तर?”

“शुभ बोल,” सुरैय्या म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

सिदरा बोलली. अस्सलाम आलेकुम अब्बा, मी पास झाले, ब्याऐंशी टक्के, आता मेडिकलचा फॉर्म भरतेय. वरच्या मजल्यावरच्या सुनीतावहिनी बँकेत जायच्या घाईत होत्या, त्यांनाही सुरैय्याने जिन्यातून ओढून आणलं. त्यांनी अशा कडकडून टाळ्या वाजवल्या की मशीनचा काटा पार लाल पट्टीत गेला. शेवटी सुरैय्या स्वतः माईकला तोंड लावून म्हणाली, “मुबारक हो, डॉक्टरीणबाईंचे अब्बा.” दुपारी कॅसेट गव्हाणला पोचली आणि संध्याकाळी खोक्यात गेली.

शुक्रवारी कॉलेजच्या खिडकीतून क्लार्कने सिदराच्या हातात मार्कशीट ठेवली. तिने आधी नाव वाचलं. नाव तिचंच होतं. मग नंबर वाचला, तोही मेला तिचाच. एकूण तीनशे एकवीस, सहाशेपैकी. साडेत्रेपन्न टक्के. फिजिक्समध्ये पस्तीस, मॅथ्समध्ये अडतीस, केमिस्ट्रीत एक्केचाळीस. इंग्लिश अठ्ठावन्न आणि मराठी पासष्ट. आणि बायोलॉजीत चौऱ्याऐंशी, म्हणजे रडक्या पोरांच्या घोळक्यात एकच पोर पेढा खात उभं असावं तसं.

तिला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. वर्षभर पहाटे उठून, पायाला मुंग्या येईपर्यंत ती अभ्यासाला बसली होती, त्याचे हे पस्तीस. पाठीमागून ढकलाढकली चालू होती. कोणी आनंदाने ढकलत होतं, कोणी रागाने. ती ढकलली गेली तशी पुढे सरकत राहिली आणि भानावर आली तेव्हा दुसऱ्याच एका खिडकीसमोर उभी होती. आतला माणूस म्हणाला, “आर्ट्स, कॉमर्स का सायन्स?” ती सवयीने सायन्स म्हणाली. तर त्याने तिच्या हातात एफ. वाय. बी. एस्सी.चा प्रवेशअर्ज ठेवला आणि सांगितलं, “पुढच्या शुक्रवारपर्यंत भरून आणा. पालकांची सही विसरू नका.” फॉर्मच्या रांगेत आपण कधी घुसलो ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी सुरैय्याने मार्कशीट दोनदा वाचली. मग पाटावर बसली. सिदराला वाटलं, आता फुटणार. पण सुरैय्याच्या तोंडून एकच शब्द निघाला.

“कॅसेट.”

मार्कशीटच्या नादात सिदराला त्या कॅसेटचा विसरच पडला होता.

“अम्मी, अब्बांना नंतर पत्र लिहून सांगू.”

“पत्र पोचेतो तुझा फॉर्म जाईल खड्ड्यात,” सुरैय्या म्हणाली. “हे बघ. पुढचं काय ते तुझे अब्बा ठरवतील. त्यांच्या शब्दाशिवाय मी कशावर सही करायची नाही. गुरुवारी कोन गावचा एक माणूस सुट्टीवर येतोय तिकडून, त्याच्याबरोबर त्यांचं उत्तर येईल. पण उत्तर कशाचं येईल? ब्याऐंशीचं. मेडिकलला जा म्हणून. मग त्यांना खरं कळवा, मग परत उत्तराची वाट बघा, तोपर्यंत कॉलेज भरेल आणि तू वर्षभर माझ्यासमोर बसशील. तुझी फुफी तर टपलीच आहे. पोरगी घरी दिसली की स्थळ आणलंच तिने.”

म्हणजे गणित सोपं होतं, सिदरालासुद्धा सुटण्यासारखं. आज काशिरामकाकांबरोबर खरी कॅसेट गेली तर वर्ष वाचणार, खोटी गेली तर बुडणार. काशिराम तीन वाजता जीपने निघणार होता. बारा वाजले होते. गव्हाणची एस.टी. अडीचला.

सुरैय्याने बुरखा चढवला, पोरीचा हात धरला आणि ती रस्त्यावर आली. तिच्या तोंडाला वाचा होती, म्हणजे निम्मी गाडी तिच्याकडे आधीच होती. बर्फाच्या कारखान्यासमोर गव्हाणच्या बंदरावर निघालेला टेम्पो उभा होता. ड्रायव्हरशेजारी त्याची सासू बसली होती. सुरैय्याने सासूला उठवायचा प्रयत्न केला, पण ती सासू होती, ती कसली उठते. शेवटी मायलेकी मागे चढल्या आणि गोणपाट टाकलेल्या बर्फाच्या लाद्यांवर बसल्या.

पहिला मैल बरा गेला. जूनचा उकाडा होता, खालून गार लागत होतं, सिदराला जरा बरंही वाटलं. दुसऱ्या मैलाला गोणपाट भिजलं. तिसऱ्या मैलाला सुरैय्या म्हणाली, “सिदरा, मला खाली काही लागत नाहीये.”

“म्हणजे?”

“म्हणजे आहे का गेलं तेच कळत नाहीये.”

सिदराने रडवेला चेहरा नीट जमवून आणला होता, तो तिथेच बिघडला. ती हसली. मग सुरैय्या हसली. टेम्पो खड्ड्यात आपटला, तशा दोघी लादीवरून घसरून दुसऱ्या टोकाला गेल्या आणि पुढच्या खड्ड्याला परत आल्या. साडेत्रेपन्न टक्के पडलेल्या मुलीने असं हसू नये हे सिदराला कळत होतं. कळून उपयोग काय, गव्हाणपर्यंत दोघी हसतच होत्या.

काशिरामच्या दारात उतरल्या तर तिथे अख्खी आळी जमलेली. जाणाऱ्या माणसाला निरोप द्यायला आली असतील म्हणावं, तर सगळ्या बायका सिदराकडेच बघत होत्या. चंद्रावती हातात तबक घेऊन पुढे आली. सिदराच्या कपाळाला टिळा लावायचा का नाही असा तिला क्षणभर प्रश्न पडला, मग तिने तांदूळ डोक्यावरच टाकले आणि ओवाळायला लागली.

“ब्याऐंशी टक्के. आमची डाक्टरीन आली गो.”

सिदराने अम्मीकडे पाहिलं. सुरैय्याने काशिरामकडे पाहिलं. काशिराम नवा शर्ट घालून, भांग पाडून उभा होता.

“कॅसेट चालतंय का नाय ते बगायला लावली व्हती, भाबी,” तो म्हणाला. “आता लावलीच तर शेजाऱ्यांनी पन ऐकली. सगल्यांनी तीनदा ऐकली. टाल्या लई मस्त वाजल्यात.”

पळून जायची सोय नव्हती. टेम्पो निघून गेला होता आणि पाय बर्फाने आखडले होते. सिदरा मान खाली घालून म्हणाली, “काकी, ब्याऐंशी नाही पडले. निकाल आज लागला. साडेत्रेपन्न पडले.”

तबक थांबलं.

“त्रेपन मंजे पास ना?” चंद्रावतीने विचारलं.

“पास.”

“मंग?” चंद्रावती म्हणाली आणि तिने राहिलेली ओवाळणी पुरी केली. बायकांनी सिदराच्या हातावर साखर ठेवली. एकीने तर दोनदा ठेवली. सिदराला आता काय करावं कळेना, म्हणून तिने सगळी साखर खाल्ली.

खरी पंचाईत पुढे होती. सुरैय्याने येण्याचं कारण सांगितलं आणि सगळ्यांच्या नजरा ओट्यावरच्या खोक्याकडे वळल्या. सुतळीचे आडवे-उभे फेरे, सहा गाठी आणि वर काळ्या मार्करने ठसठशीत नाव घातलेलं.

“खोका सुटायचा नाय,” चंद्रावती म्हणाली. “भाबी, तुमी दुसरं कायपन मागा. बांधलेला खोका सोरला तं मानूस वाटंतून परत येतो. आमच्या चुलतसासऱ्याचा झाला तसा. दुबयला निगालेला, ठान्याहून परत आला.”

“त्याचा पासपोर्टच खोटा व्हता,” काशिराम पुटपुटला.

“तुमी गप ऱ्हावा.”

सव्वा वाजला होता. सुरैय्याने विनवलं, मग शेजारणींनी विनवलं. चंद्रावती खोक्यावर बसली. आता तिला उठवून खोका सोडणं म्हणजे गव्हाणात दंगल. सिदरा समोर उकिडवी बसली. तिला वाद घालायचा नव्हता. डोक्यात जे आलं ते तिने आपलं सरळ विचारलं.

“काकी, आता काका परत कधी येणार?”

“दोन वर्सांनी.”

“आणि वाटेतूनच परत आले तर तुम्हाला चालणार नाही?”

चंद्रावतीने नवऱ्याकडे पाहिलं. नव्या शर्टात, भांग पाडलेला, दोन महिन्यांत जरा अंगाने भरलेला. ती खोक्यावरून उठली, पदर खोचला आणि कोणाला हात लावू न देता सहाच्या सहा गाठी तिने स्वतःच सोडल्या.

काशिरामला घाम फुटला. पण बायकोसमोर बोलतो कोण.

खोक्यातून सुके बोंबील निघाले, जवळा निघाला, कैरीचं लोणचं, यार्डातल्या पाचजणांच्या आयांनी दिलेल्या पाच पुड्या. ब्याऐंशी टक्क्यांची कॅसेट बोंबलांच्या पिशवीला चिकटून होती, आता तिलाही तोच वास. सिदराने ती ओढून काढली आणि तिच्या खालची लुंगी उलगडली. लुंगीतून आणखी दोन कॅसेटी ओट्यावर पडल्या. एकीवर निळ्या पेनाने एकाचा आकडा, दुसरीवर दोनाचा. अक्षर अब्बांचं.

काशिरामने कपाळावर हात मारला.

“तायरने दिल्या व्हत्या,” तो म्हणाला. “येताना. बोलला, सिदराचा निकाल लागला का दे. एक नंबर चांगल्या निकालाची, दोन नंबर तसल्या निकालाची. मी पेटीत टाकल्या नि इसारलो. हिनं लुंग्या तशाच भरल्या.”

म्हणजे बघा. बायकोने निकालाआधी दोन दिवस कॅसेट भरली म्हणून आपण तिला हसत होतो. नवऱ्याने दोन महिने आधी भरली होती, तीही दोन्ही बाजूंचा विचार करून. आणि त्या जशाच्या तशा बहरीनला परत निघाल्या होत्या.

काशिरामने दोन नंबरची सिदराच्या हातात दिली. एक नंबरची स्वतःच्या खिशात टाकत म्हणाला, “ही काय तुजी नाय.” त्याच्या मनात काही नव्हतं, पण सिदराला ते लागलं.

टेपरेकॉर्डर ओट्यावर आला. आळी सरकून जवळ बसली. खाजगी काही बोलले असतील का, हा विचार सुरैय्याच्या मनात आला तोवर काशिरामने बटण दाबलं होतं.

“सिदरा, अब्बा बोलतोय,” आवाज आला. मागे पंखा घरघरत होता. “ही कॅसेट तुला मिळाली म्हणजे मार्क कमी पडले. रडून घेतलंस का? नसशील, तू अम्मीला सांभाळत बसली असशील. आधी रड. मी थांबतो.”

आणि तो खरंच थांबला. कॅसेट फिरत राहिली. पंखा घरघरला, दूर कुठेतरी भोंगा वाजला, अब्बा एकदा खोकले. इकडे गव्हाणातली तीसेक माणसं सिदराच्या तोंडाकडे बघत होती, आता रडते का मग रडते. एका म्हातारीने पदर पुढे केला, डोळे पुसायला. इतक्या लोकांनी वाट बघितल्यावर रडू येतं का कोणाला? सिदराला हसू फुटायला लागलं, ते तिने ओढणी तोंडात कोंबून अडवलं.

“झालं?” अब्बांनी विचारलं. “आता ऐक. खोलीतल्या सगळ्यांना मी बोलावलंय. ही माणसं इथे जहाजं उभी करतात. त्यांचे मार्क ऐक.”

मग एकेक जण माईकपाशी यायला लागला. मुरूडचा एक, भूगोलात बावीस. श्रीवर्धनचा एक, इंग्रजीत अकरा आणि तेही बाईंना दया आली म्हणून. केरळचा कोणीतरी आपल्या भाषेत लांबलचक बोलला, त्यातलं ‘मॅथ्स’ आणि ‘झीरो’ तेवढं कळलं आणि ओट्यावर त्यालाच सगळ्यात मोठा हशा पिकला. मग एक ओळखीचा आवाज आला.

“मी काशिराम, गव्हान. सातवी नापास. दोन डाव. गनितात नऊ.”

चंद्रावती सावकाश वळली.

“लग्नात तं दहावी पास बोललावता.”

काशिरामने टेपरेकॉर्डरकडे असं पाहिलं, जणू त्यानेच दगा दिला. “ह्यो आवाज माजा नाय,” तो म्हणाला.

“मंग गव्हानात दुसरा काशिराम कोन हाय?”

“मना वाटला गान्याचा प्रोग्राम हाय. तायर बोलला, बोल. मी बोललो.”

आळीचं हसणं थांबेना. म्हातारीने पुढे केलेल्या पदराने स्वतःचेच डोळे पुसले. सुरैय्या खांबाला धरून हसत होती, पण तिचंही पुढे वाढून ठेवलेलं होतं.

“आता माझं,” अब्बा म्हणाले. “सुरैय्या, तू कानावर हात ठेव. मॅट्रिकच्या परीक्षेला मला टायफॉइड झाला होता असं घरात सांगतात. नव्हता झाला. उरणला मोठं जहाज लागलं होतं, ते बघायला गेलो होतो. तीन दिवस बघत होतो.”

“अठरा वर्षं,” सुरैय्या सगळ्यांना म्हणाली, “अठरा वर्षं मी त्या टायफॉइडची हकिगत लोकांना सांगतेय. दर वेळी त्यांच्यासाठी दुआ मागते.”

“मागत ऱ्हावा,” चंद्रावती म्हणाली. दोघी फसलेल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर पडून हसल्या.

कॅसेटची पहिली बाजू संपली, दुसरी लावली. आता अब्बांचा आवाज खाली आला होता, खोलीतले बाकीचे झोपले असावेत.

“सिदरा, ज्या विषयात सगळ्यात जास्त मार्क असतील तो घे. दुसऱ्या कोणाचं ऐकू नको. माझंही नको. आणि सुरैय्या, तू माझ्या निरोपाची वाट बघत असशील. बघू नको. मी क्रेनवर शंभर फूट वर बसतो. खाली माल कुठे उतरवायचा ते मला वरून दिसत नाही. खाली एक माणूस उभा असतो, तो हात दाखवतो तसं मी चालवतो. त्याने नाही दाखवला तर मी जागचा हलत नाही. तिथे खाली तू उभी आहेस. हात तू दाखवायचा. सही कर.”

सुरैय्याने नाक ओढलं आणि पोरीला विचारलं, “कशात जास्त आहेत गं?”

“बायोलॉजी. चौऱ्याऐंशी.”

“त्याचं पुढे काय असतं?”

सिदराने पिशवीतून फॉर्म काढला. सकाळपासून तो तिने उघडूनही पाहिला नव्हता. विषयांची यादी वाचत बोट खाली नेता नेता ती एका ओळीवर थांबली. केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी. तिने ओळ पुन्हा वाचली, मग पानाची मागची बाजू पाहिली, मग परत पुढची.

“अम्मी, ह्यात फिजिक्स नाहीच. मॅथ्सपण नाही. नुसते प्राणी आणि झाडं आहेत.”

“आणि केमिस्ट्री?”

“एवढी सोसेन.”

असं सोयीचं काही जगात असू शकतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मेडिकल नाहीतर इंजिनिअरिंग, आणि दोन्ही नाही तर अंधार, असंच वर्षभर सगळे बोलत होते. तिला उठून ओट्यावर दोन उड्या माराव्याशा वाटल्या. तिने एक मारली.

सही करायला पेन मिळेना. गव्हाणात त्या क्षणी एवढाच एक लिहायचा जिन्नस हाताशी होता, खोक्यावर नाव घालायचा काळा मार्कर. सुरैय्याने तोच उचलला. आयुष्यात पहिल्यांदाच ती एवढ्या मोठ्या गोष्टीवर एकटीने सही करत होती, ती काय चोरून करणार? ‘सुरैय्या ताहेर’ हे नाव पालकांच्या रकान्यातून सुरू झालं ते कार्यालयीन उपयोगासाठी सोडलेली जागा ओलांडून समासापर्यंत गेलं. सोमवारी क्लार्कने ही सही आहे का पार्सलचा पत्ता, असं विचारलं, पण ते सोमवारी.

अडीच वाजले. सिदराने बोंबलाच्या वासाची कॅसेट मशीनमध्ये घातली, मागे फिरवली आणि तिच्यावरच नवं बोलायला बसली. लाल बटण या खेपेला तिने स्वतःच दाबलं.

“अब्बा, साडेत्रेपन्न टक्के. फिजिक्समध्ये पस्तीस, बायोलॉजीत चौऱ्याऐंशी. दोन नंबरची कॅसेट ऐकली. मी झूलॉजीच्या बाजूला जातेय, फॉर्मवर अम्मीने सही केलीय. ती अजून तुमच्या टायफॉइडवर चिडलीय. काशिरामकाकांची दहावी रद्द झाली.”

बटण दाबून तिने बरोबर झालंय का ते लावून ऐकलं. तिचं बोलणं पहिल्यापेक्षा आखूड झालं होतं. ते जिथे संपलं तिथून जुन्या कॅसेटचं शेपूट सुरू झालं. ‘दहावी रद्द झाली’ आणि लगेच सुनीतावहिनींच्या कडकडून टाळ्या, मग अम्मीचं ‘मुबारक हो, डॉक्टरीणबाईंचे अब्बा.’

“पुसते एवढं,” सिदरा म्हणाली.

“राहू दे,” सुरैय्या म्हणाली. “टाळ्या आहेत, कशाला पुसायच्या?”

तीन वाजता खोका परत बांधला, सहा नव्या गाठींनी. जीप आली, काशिराम चढला, बायकांनी डोळे पुसले, चंद्रावती दारात उभी राहून धुळीकडे बघत राहिली. मायलेकी एस.टी.च्या थांब्याकडे निघणार, तेवढ्यात वीस मिनिटांत तीच जीप धुरळा उडवत परत. काशिराम घामाघूम होऊन उतरला. टेपरेकॉर्डरवर ठेवलेला पासपोर्ट तिथेच राहिला होता.

“बोलली व्हती ना मी,” चंद्रावती म्हणाली. इतकी खूश बाई गव्हाणात त्या वर्षी कोणी पाहिली नसेल. तिने त्याला पाणी दिलं, मग चहा दिला, मग विमान चुकेल म्हणून जीपवाला ओरडला तेव्हा कुठे पासपोर्ट दिला.

निघता निघता काशिरामने खिसा चाचपला आणि एक नंबरची कॅसेट काढून सिदराच्या हातावर ठेवली. “ही पन ठेव. तुज्या बापाचाच आवाज हाय, तिकरं नेऊन काय करू?”

दिवेलागणीला दोघी घरी आल्या. सुरैय्या स्वयंपाकघरात भांडी आपटत टायफॉइडचा हिशेब चुकता करत होती. सिदराने टू-इन-वन पुढे ओढला आणि चांगल्या निकालाची कॅसेट लावली. ज्यासाठी ती वर्षभर पहाटे उठली, ते ऐकायला मिळणार होतं.

“शाब्बास, सिदरा. मला ठाऊक होतं. असाच अभ्यास कर. खुदा हाफिज.”

मग पंखा. ती ऐकत राहिली. तिने थोडी पुढे फिरवली, पंखा. दुसरी बाजू लावली, त्यावर तोही नव्हता.

“काय म्हणतात?” आतून सुरैय्याने विचारलं.

“शाब्बास म्हणतात.”

“आणि?”

“आणि काही नाही,” सिदरा म्हणाली. “सगळं त्यांनी दोन नंबरवरच बोलून घेतलं.”

तिने एक नंबरची काढली आणि दोन नंबरची परत घातली. खोलीत आता कोणी नव्हतं, ना आळी, ना पदर पुढे करणारी म्हातारी. तिने आवाज बारीक केला.

“आधी रड. मी थांबतो,” अब्बा म्हणाले.

पंखा घरघरायला लागला आणि सिदरा रडली. पस्तीस मार्कांसाठी रडली, पहाटेच्या अभ्यासासाठी रडली, चार वर्षांत दोनदाच घरी आलेल्या अब्बांसाठी रडली. दूर भोंगा वाजला. अब्बा एकदा खोकले. तिने ओढणीने तोंड पुसलं आणि नाक साफ केलं.

“झालं?” अब्बांनी विचारलं.

“झालं,” ती म्हणाली.